लाल हँडलवरची गाठ

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि मी एक लाल हँडल पुसत होतो. नव्या ठिकाणचं माझं पहिलं काम म्हणून ही वेळ लिहून ठेवतो. आईनं ही वही देताना बजावलं, की पहिला दिवस चांगला गेला तर तो लिहावा, पुढचे दिवस त्याच्याकडे बघून चालतात. पहिला दिवस चांगला गेला.

रामनगरहून सातची गाडी पकडली. बाबा दुकान उघडायच्या आधी स्टँडवर आले. आमचं गोवा रस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे, आणि ट्रकवाल्यांसमोर कधी हळवे न होणारे बाबा माझी ट्रंक टपावर चढवताना उगाच कंडक्टरवर ओरडले. पुढं सगळा जंगलातला रस्ता. मला गाडी लागते, पण आज लागली नाही.

केंद्र म्हणजे मँगनीजच्या बंद पडलेल्या खाणीची शेड. आता पत्रे नवे आहेत आणि आतली फरशी इतकी गुळगुळीत, की मी दारातच चप्पल काढली. सगळे हसले. मोठमोठ्या गोदामांत आता माल माणसं उचलत नाहीत, यंत्रमानव उचलतात. ते बिघडले की दुरुस्त करणारी माणसं लागतात, ती इथं तयार होतात. सहा आठवड्यांचा कोर्स. मी दोन आठवडे उशिरा आलो. पास झालो तर बेळगावच्या गोदामात महिना अठरा हजार. माझं आयटीआयचं एकच वर्ष झालंय, त्यामुळे धाकधूक होती. पण केंद्र चालवणाऱ्या शिवानंद सरांनी कागद बघितलेच नाहीत. उंचीची भीती वाटते का, एवढंच विचारलं.

मुख्य यंत्राला पोरं जिराफ म्हणतात. तीन मजली उंच मांडण्यांच्या दोन रांगा, मधे अरुंद बोळ, बोळात रूळ, आणि रुळावर धावणारा उंच खांब. खांबाचे दोन हात मांडणीतून क्रेट उचलतात आणि पुढच्या खिडकीत आणून देतात. बोळाला चहूबाजूंनी जाळी. बाहेर भिंतीवर विजेचं पॅनेल आणि त्याला ते लाल हँडल. खाली म्हणजे बंद, वर म्हणजे चालू.

दहा वाजता कंपनीचे पाहुणे यायचे होते. सरांनी मला फडकं दिलं आणि पॅनेल आरशासारखं कर म्हणाले. हँडल खाली होतं. त्याला कुणीतरी वेल गुंडाळली होती, मधे एक पान अडकवून गाठ मारलेली. दिवाळीला आमच्या दुकानात बाबा कॉम्प्रेसरला आंब्याची पानं बांधतात, ती वाळून जाईपर्यंत लोंबत असतात. तसलंच काही असणार. पाहुण्यांसमोर कचरा नको म्हणून काढली. गाठ घट्ट होती, पण मी कापली नाही, नखांनी नीट सोडवली. अर्धवट काम मला आवडत नाही. बोटांना हिरवा चीक लागला, तो साबणानं दोनदा धुतला.

सर ऑफिसातून ओरडले, चालू कर रे. आत कुणी नाही ना, असं मी विचारलंसुद्धा. त्यांनी उलट विचारलं, “कुलूप दिसतंय का?” मी म्हणालो, नाही. “मग कुणी नाही.”

मी हँडल वर केलं. स्पीकरवर स्वागताचं गाणं जोरात सुरू झालं. जिराफ मागं सरकत बोळाच्या पार टोकाला गेला, तिथं त्याला एकदा हिसका बसला, आणि मग सुरळीत पुढं आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पाहुणे जेवायला जोयड्याकडे गेले. सरांनी शेड बंद करून आम्हाला बाहेर गवत काढायला लावलं. संध्याकाळी कळलं की परशू नावाचा एक मुलगा आज कोर्स सोडून पळून गेला. खाटा सात आणि मी आठवा, म्हणून सकाळी माझी सोय जमिनीवर होती. आता मला खाट मिळाली. उशाला त्याची कांबळ आहे, धुराचा वास येणारी. बरी ऊब आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मला कुलूप मिळालं. इथला सगळ्यात मोठा नियम कुलपाचा. जाळीच्या आत जायचं तर आधी हँडल खाली करायचं, त्याच्या भोकात आपलं लाल कुलूप अडकवायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. कुलपावर आपला फोटो आणि नाव. ते कुलूप लावणाऱ्याशिवाय कुणी काढायचं नाही, मालकानंसुद्धा नाही. जोवर कुलूप आहे तोवर आत माणूस आहे. मला हा नियम फार आवडला. मी तीनदा ओढून बघितलं.

कुलूप नवं नाही. माझ्या फोटोखाली दुसरा फोटो आहे, कडेनं एक कान दिसतो. नेत्रा म्हणाली तो परशूचा. नेत्रा जोयड्याची, आमच्यात एकटीच मुलगी आणि सगळ्यांत हुशार. कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात परशू कुलूप जेवणाच्या टेबलावर विसरला. सरांनी ते जप्त केलं आणि शिक्षा म्हणून दिलंच नाही. काम मात्र करून घेतलं. मग तो आत कसा जायचा, असं मी विचारलं. तिनं खांदे उडवले. “जायचा काय तरी करून. त्या रानातल्या पोरांना भ्या न्हाई.”

रुळाच्या टोकाला ग्रीस साचायचा एक खड्डा होता म्हणे. तो काल बुजवलाय. सिमेंट अजून ओलं आहे. सर म्हणाले, घुशी झाल्या होत्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

स्वयंपाकाला फुलाक्का म्हणून बाई येतात. नंदिगड्ड्याच्या पलीकडून रानवाटेनं चालत. लहानखुरी, काटक, पायात चप्पल नाही. गळ्यात काळे मणी आणि त्यात ओवलेली एक छोटी किल्ली. ट्रंकेची असेल.

आज त्यांनी माझ्या ताटात सगळ्यांपेक्षा जास्त वाढलं. उकडलेलं कोनफळ, वर मीठ आणि मिरचीचा ठेचा. पोरं चिडवायला लागली, की नवा जावई आला. फुलाक्का म्हणाल्या, ह्यो माझ्या पोराच्या खाटंवर निजतोय, त्येचा वाटा ह्येला.

परशू त्यांचा मुलगा. सरांनी त्यांना सांगितलंय की तो कुणा दोस्ताबरोबर गोव्याला पळाला. फुलाक्का म्हणाल्या, पळंल तर पळू दे, पन कांबळ ठिवून कसा जाईल? थंडीला लई भितो. मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, गोव्यात थंडी न्हाई म्हनून टाकली आसंल.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. जिराफ आपोआप चालला. कुणी हुकूम दिला नव्हता. तो टोकाला गेला, गाय पाण्याला वाकते तसे हात खाली सोडून त्या नव्या सिमेंटवर थांबला, आणि मग परत येऊन खिडकीत एक रिकामा क्रेट ठेवला. क्रेटच्या कानाला वेल बांधलेली. मधे पान. हिरवीगार.

सरांनी संगणक तपासला. तिथं लिहून आलं होतं की माल पोचवला.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा. खिडकीत क्रेट, क्रेटला गाठ. सरांना वाटलं पोरांची मस्ती आहे. कुणी कबूल होईना, तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना जाळीच्या आत, मांडणीला पाठ लावून एका ओळीत उभं केलं. हात वर. जिराफ सावकाश गतीवर सोडला. खांब नाकासमोरून चार बोटांवरून गेला, आला, गेला. एका पोराची पँट ओली झाली. सर बाहेर खुर्चीवर बसून चहा पीत होते. भीती हेच खरं शिक्षण, बाकी सगळं पुस्तकात आहे, असं ते म्हणाले.

आत असताना मी टोकाकडे बघितलं. सिमेंट वाळलंय. त्याला मधोमध केसासारखी चीर गेली आहे.

कुणाचंच कुलूप लावलेलं नव्हतं. हे बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हे सगळं नीट क्रमानं लिहितो, नाहीतर मला झोप येणार नाही.

क्रेटवरची एक गाठ मी खिशात ठेवली होती. दुपारी भांडी घासताना फुलाक्कांना दाखवली, हे काय असतं म्हणून. त्यांनी हात पदराला पुसले, गाठ उलटसुलट करून बघितली आणि एकदम माझे दोन्ही गाल धरले. कुठं मिळाली, कवा मिळाली, विचारत सुटल्या. ही त्यांच्या पोराची गाठ. परशू डावरा, त्याची गाठ उलटी पडते. लहानपणी त्यावरून मार खाल्लाय त्यानं. म्हणजे तो गोव्याला गेलाच नाही, इथंच रानात लपलाय, सरांना भिऊन येत नाही, असं त्या स्वतःच ठरवून मोकळ्या झाल्या. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं शिव्या. “मुडदा गावला! येऊ दे मुडद्याला घरी.”

मी विचारलं, पण ही बांधतात कशाला?

त्यांना माझं हसू आलं. रामनगरात ऱ्हाऊन येवढं बी म्हाईत न्हाई व्हय तुला? त्यांच्याकडे घरांना कुलपं नसतात. रानात कुणाला मधाचं पोळं दिसलं, कंदाचा वेल सापडला, लाकडाची मोळी वाटेत ठेवून जावं लागलं, की वेलीची गाठ मारायची. गाठ म्हणजे हे माझं आहे, मी परत येतोय, हात लावू नका. आणि कुणी लावत नाही. उपाशी माणूससुद्धा लावत नाही. कुलपापेक्षा पक्की.

आणि कुणी सोडलीच तर?

फुलाक्कांनी कढई उपडी घातली. सोडनाऱ्यानं मग त्येच्या जागी उबं ऱ्हायाचं, म्हणाल्या. त्येचं काम पुरं करायचं. सुटका न्हाई त्येला.

जाताजाता त्यांनी गळ्यातली किल्ली दाखवली. ती ट्रंकेची नाही. सरांनी कुलूप काढून घेतलं, पण दोन किल्ल्यांतली एक परशूच्या खिशातच राहिली होती. ती त्यानं घरी आणून आईला दिली. कुलूप परत मिळालं की मागून घेईन म्हणाला.

त्याचं कुलूप नव्हतं. म्हणून त्यानं

नऊ चाळीस.

मी विचारलं होतं. आत कुणी नाही ना, असं मी विचारलं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच मला सहन झालं नाही. त्यांनी मला बसवलं, स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून पुढं सरकवला.

त्यांना त्या दिवशी पाहुणे गेल्यावर कळलं. तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणे. खड्डा होता, सिमेंट होतं. पोलिसात गेलो असतो तर केंद्र बंद, सगळ्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. रानातली ही कुणबी पोरं अशीही गोव्याला जातातच, असं म्हणाले. मग त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. त्यात मी आहे. फडकं, गाठ सोडवणारी माझी नखं, वर जाणारं हँडल. मी किती नीटनेटका दिसतोय.

ते म्हणाले, “माझा आवाज कॅमेऱ्यात येत नाही, प्रशांत. तुझा हात येतो.”

अठ्ठावीस तारखेला परीक्षा आहे, तिचा अभ्यास कर म्हणाले. आणि चहा संपव.

मी चहा संपवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबांचा फोन. त्यांनी दुकानात ट्रकवाल्यांना पेढे वाटले, अजून पास झालेला नसताना. आईला सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, तुझा आवाज बसलाय, हळदीचं दूध घे.

फुलाक्का रोज दुपारी जाळीमागच्या दाराशी पानावर भात ठेवतात. परशूसाठी. रानातून येऊन खाईल म्हणून. कावळे खातात. फुलाक्का रिकामं पान बघून खूश होतात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मी आज एक काम केलं. वाईट आहे की चांगलं, ठरवता येत नाही.

फुलाक्कांचा धीर सुटला. पोरगा रानात असून आईला तोंड दाखवत नाही म्हणजे काहीतरी झालंय. उद्या जोयड्याला पोलिसात जाते, कागद लिहून दे, तुझं अक्षर मोत्यासारखं हाय, म्हणाल्या. माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. पेनही त्यांनीच आणलं होतं, नवं, दुकानातून.

मी म्हणालो, परशूचा फोन आला होता.

तोंडातून निघून गेलं. मग थांबता येईना. मडगावात हॉटेलात लागलाय. गाठी त्यानं जायच्या आधी गंमत म्हणून क्रेटांना बांधून ठेवल्या होत्या. दोस्ताच्या हाती पैसे पाठवलेत. खिशातून पाचशेची नोट काढून दिली. माझी.

त्यांनी नोट कपाळाला लावली. मग मला मारलं. खरंच मारलं, पाठीत, दोन बुक्क्या. “आदी सांगाया काय झालं, भाड्या!” आणि हसत हसत खाली बसल्या. पहिल्यांदाच पोरानं पैसं धाडलं, म्हणाल्या. पुन्हा फोन आला तर सांग त्येला, किल्ली हितंच हाय, माझ्या गळ्यात.

ती माझ्याच कुलपाची दुसरी किल्ली. एका कुलपाला दोन किल्ल्या असणं नियमात बसत नाही. ती मागून घ्यायला हवी. पण का मागतोस, असं त्या विचारतील.

कोऱ्या कागदावर मी त्यांना परशूच्या नावानं पत्र लिहून दिलं. मोत्यासारख्या अक्षरात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बुटाच्या नाड्या बांधायला वाकलो. नाड्या नव्हत्या. वेल होती. उलटी गाठ.

सोडवली. चीक लागला. दोनदा धुतला, जात नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ट्रंकेच्या कडीला. चष्म्याच्या काडीला. डब्याच्या झाकणाला. ह्या वहीला, मधोमध, ह्याच पानावर — वेलीच्या पानाचा डाग पडलाय इथं, बघा.

गाठ म्हणजे हे माझं आहे. मी परत येतोय.

नेत्राला विचारलं, तुला दिसतात का? तिला दिसतात. तिला वाटतं मीच बांधतो. तुझीच नखं हिरवी हायत की, म्हणाली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फुलाक्कांना आणखी पाचशे दिले. त्यांनी मागितले नव्हते.

त्या म्हणाल्या, परशूला इचार, त्येच्या गाठी सोडतंय कोन? काल वाटंत तीन बगितल्या, सोडलेल्या. कुनीतरी नीट नखांनी सोडवलेल्या. आसं कोन करतंय?

माझ्या हाताकडे बघत होत्या. नाही. ताटाकडे. ताटाकडेच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मनगटावर. हातात घड्याळ होतं, त्याच्या खाली. कात्रीनं कापली. खाली दुसरी. ती कापली. खाली —

वर्गात हात खिशात ठेवतो. सर म्हणाले, हात बाहेर काढ. काढला. त्यांनी बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा झाला, मग त्यांनी दुसऱ्याला प्रश्न विचारला.

म्हणजे त्यांनाही दिसते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सरांना म्हणालो, मला परीक्षा नको, घरी जातो. जा म्हणाले. आणि मोबाईलवर ते चित्र लावून टेबलावर ठेवलं. माझ्याकडे तोंड करून. आवाज नाही. नुसता हात.

आता फुलाक्कांना सांगायचं. आज नक्की. भात वाढायला आल्या की —

त्यांनी माझ्यासाठी कांबळ धुऊन वाळवून आणली होती. परशूचीच. वापर म्हणाल्या, तो येईपर्यंत तूच माझा.

जेवलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या परीक्षा. पाहुणे दहाला. एकेकट्यानं जाळीच्या आत जायचं, पार टोकाला, तिथला सेन्सर बदलायचा. माझा नंबर पहिला. सरांनी लावला.

किल्ली मागायची राहिली. उद्या सकाळी मागतो. काहीतरी कारण सांगतो.

फुलाक्का येतात आठला. आठ ते नऊ वेळ आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आत आहे. टोकाला. वही खिशात होती.

हँडल मीच खाली केलं. कुलूप लावलं. तीनदा ओढलं. किल्ली खिशात आहे, आत्ता हात लावून बघितली.

फुलाक्का आज उशिरा आल्या. भेट झाली नाही.

सेन्सर बसवला. उठायला गेलो. उठता येत नाही. सिमेंटच्या चिरेतून वेल आली आहे, दोन्ही घोट्यांना — उलट्या गाठी. नखांनी सोडवतोय. एक सोडली की खाली दुसरी.

घाबरायचं नाही. कुलूप आहे. जोवर कुलूप आहे तोवर आत माणूस आहे.

जाळीतून पॅनेल दिसतं. तिथं फुलाक्का. हातात ओलं फडकं. सरांनी त्यांना पुसायला लावलंय, पाहुण्यांसाठी. आरशासारखं.

कुलूप पुसतायत. माझा फोटो निघून आला. त्याच्या खाली —

त्यांनी फडकं टाकलं. कुलूप दोन्ही हातांत धरलंय, पोराचं तोंड धरावं तसं. हसतायत. पोरगा गावला.

गळ्याकडे हात गेला.

ओरडतोय. फुलाक्का. फुलाक्का, नको. गाणं लागलंय. तेच गाणं.

किल्ली लागली.

कुलूप कमरेला खोचलं. पदरानं झाकलं. सरांनी पुन्हा काढून घेऊ नये म्हणून.

सर दारात. विचारतायत, ऐकू येत नाही, पण ओठ — कुलूप दिसतंय का?

फुलाक्का मान हलवतायत. न्हाई.

मग कुणी नाही.

त्या हँडलला हात लावतायत. दोन्ही हात. जड आहे ते, मला माहीत आहे.

हिशेब पुरा करतो. अर्धवट नको.

खर्च. बस साठ. वही पेन आईनं दिलं. फुलाक्काला परशूच्या नावानं पाचशे आणि पाचशे.
देणं. बाबांचे पंचेचाळीस हजार, फीचे. पेढ्यांचे वेगळे.
फुलाक्काला, एक खरं पत्र.
परशूला, एक